मोटारसायकलींचे शक्तिप्रेषण : अकाली बिघाडांचा इतिहास

एंजिनात निर्माण झालेली शक्ती मागील चाकापर्यंत पोहोचविणाऱ्या यंत्रणेस शक्तिप्रेषण यंत्रणा म्हणतात. क्लच, गिअरपेटी आणि गिअरपेटीपासून चाकापर्यंतचे अंतिम प्रेषण हे तिचे मुख्य घटक होत. एखादा भाग अपेक्षित आयुष्याच्या पुष्कळ आधी निकामी झाल्यास त्यास अकाली बिघाड म्हणतात. दूरच्या प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या अवजड मोटारसायकलींत असे बिघाड विशेषेकरून अंतिम प्रेषणात आढळतात. अंतिम प्रेषणाचे पट्टा, साखळी व दंड असे तीन प्रकार आहेत. त्यांचा इतिहास पाहता असे दिसते की, प्रत्येक सुधारणेने स्वाराची नित्याची दगदग कमी केली. परंतु झीज नाहीशी झाली नाही, ती नजरेआड गेली.

जर्मनीत गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये बनविलेल्या दुचाकीत शक्ती नेण्यासाठी पट्टा वापरला होता. आरंभीच्या मोटारसायकलींतील चामड्याचे पट्टे पावसात घसरत, ताणले जात आणि वारंवार तुटत. मात्र पट्टा तुटला, तरी तो रस्त्याच्या कडेला जोडता येई. मँचेस्टर येथे हान्स रेनल्ड यांनी १८८० मध्ये रूळयुक्त साखळीचे एकस्व मिळविले होते. एंजिनांची शक्ती वाढू लागली तशी पट्ट्याची जागा या साखळीने घेतली. एफ. एन. या बेल्जियन कंपनीने १९०५ मध्ये चार सिलिंडरांची दंडचलित मोटारसायकल बाजारात आणली. १९२३ मध्ये बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या आर ३२ या ४९४ घ. सेंमी. व ८·५ अश्वशक्तीच्या मोटारसायकलीत दंडाचाच उपयोग केला होता. बंदिस्त व तेलात फिरणारे हे प्रेषण पुढे त्या कंपनीच्या मोटारसायकलींचे वैशिष्ट्य ठरले.

अंतिम प्रेषणावर पडणाऱ्या भाराची कल्पना एका उदाहरणावरून येईल. एंजिनाचे पीडन परिबल १०० न्यूटन-मीटर असून पहिल्या गिअरमध्ये एकूण गतिक्षय बारापट असेल, तर घर्षणातील व्यय सोडून मागील चाकावर १,२०० न्यूटन-मीटर परिबल येते. मागील दातेरी चक्राची त्रिज्या ०·१ मी. धरल्यास साखळीवरील ताण १२,००० न्यूटन, म्हणजे सु. १,२०० किग्रॅ. वजनाइतका होतो. शिवाय हा ताण स्थिर नसतो. गती वाढविताना तो एका दिशेने येतो, तर उतारावर एंजिनाने गाडी रोखताना उलट दिशेने येतो. सहप्रवासी व सामान यांमुळे तो आणखी वाढतो. या पुनःपुन्हा बदलणाऱ्या प्रतिबलांमुळे पोलादास शीण येतो व सूक्ष्म भेगा वाढत जाऊन अखेर भंग होतो.

साखळी ‘ताणली’ असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी तिच्या पट्ट्या सहसा लांबत नाहीत. कड्यांतील खिळी व तिच्याभोवतीची नळी झिजल्यामुळे दोन कड्यांमधील अंतर वाढते. १५·८७५ मिमी. अंतराच्या शंभर कड्यांत एक टक्का वाढ झाली, तर साखळी सु. १६ मिमी. लांब होते. मग ती चक्राच्या दातांवर नीट बसत नाही व दात आकड्यासारखे वाकडे झिजतात. यासाठी साखळी व दोन्ही चक्रे एकदमच बदलणे इष्ट असते. १९६९ मध्ये आलेल्या ७३६ घ. सेंमी. व ६७ अश्वशक्तीच्या होंडा सी. बी. ७५० या मोटारसायकलीने साखळीची मर्यादा उघड केली. आरंभीच्या काही गाड्यांत तुटलेली साखळी पुढील चक्राभोवती गोळा होऊन एंजिनाचे कवच फोडीत असे. अशा वेळी मागील चाक अडकून पडण्याचा धोका असतो आणि भरधाव गाडीवर तो जिवावर बेततो. १९७० नंतरच्या दशकात खिळीभोवती रबरी वलये बसवून वंगण आत कोंडून ठेवणाऱ्या साखळ्या प्रचारात आल्या व साखळीचे आयुष्य वाढले.

याच काळात होंडा गोल्ड विंग (१९७५, ९९९ घ. सेंमी.) या प्रवासी मोटारसायकलीने दंडाचा अंगीकार केला. १९८० मध्ये हार्ली-डेव्हिडसन कंपनीने दातेरी पट्टा पुन्हा वापरात आणला. आता तो चामड्याचा नसून बळकट कृत्रिम तंतूंनी दृढ केलेला होता. दंडाच्या प्रेषणात साखळीची काजळी व रोजचे वंगण टळते. परंतु त्यातील शंकुदंतचक्रे, धारवे, सर्वदिश सांधे व खाचयुक्त जोड हे सर्व झाकलेले असतात. जोडातील वंगण सुकल्यास किंवा दोन अक्ष किंचित सरकल्यास खाचांचे दात घासले जाऊन तांबूस भुकटी तयार होते. बी. एम. डब्ल्यू. कंपनीच्या १९८३ पासूनच्या के मालिकेत क्लचजवळील खाचांची अशी झीज प्रसिद्ध आहे. धारव्यावरील पूर्वभार जुळणीच्या वेळी कमीजास्त राहिला, तर त्याच्या पृष्ठभागाचे पापुद्रे निघू लागतात. सैल साखळी खडखडते; बंदिस्त धारवा मात्र बराच काळ मूक राहतो. तेलात चकाकणारे लोहकण किंवा मागील चाकातील किंचित डळमळ ही त्याची पूर्वचिन्हे होत.

भारतात १९५५ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. तिच्या ३४६ घ. सेंमी.च्या बुलेटमध्ये एकाच सिलिंडरचे जोरकस झटके सोसण्यासाठी मागील चाकाच्या तुंब्यात रबरी ठोकळे असत. ते चिरडले गेल्यावर प्रत्येक झटका थेट साखळीवर येई. महाराष्ट्रात पुणे येथे १९६६ मध्ये ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही वाहनसंशोधन संस्था स्थापन झाली. चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात २०१३ पासून के. टी. एम. ३९० आणि २०२३ पासून ट्रायम्फ ४०० या मोटारसायकली तयार होऊ लागल्या. जागतिक मानाने या मध्यम आकाराच्या असल्या, तरी दूरच्या प्रवासासाठी त्यांचा मोठ्या प्रमाणावर उपयोग होतो.

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे भागांतील रस्ते या यंत्रणेची कसोटी पाहतात. भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट आणि वेल्ह्याहून पासलीमार्गे केळद व मढे घाटाकडे जाणारा रस्ता ही त्याची उदाहरणे होत. चढावर पूर्ण ताण व लगेच उतारावर उलट ताण, अशी येथे अदलाबदल सतत चालते. पावसाळ्यात चिखल व मुरमाची बारीक भुकटी वंगणात मिसळून घासकागदाप्रमाणे काम करते. तापलेली दंडचलित दंतचक्रपेटी ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाल्यास आतील हवा आकुंचन पावते व श्वसनछिद्रातून पाणी आत ओढले जाते. ते तेलात मिसळल्यावर तेल दुधी होते आणि धारवे गंजू लागतात. मोठ्या शहरातील कर्मशाळेत क्षुल्लक ठरणारा बिघाड अशा डोंगरवाटेवर स्वारास अडवून ठेवतो.

वंगणाची कसूर हेच बिघाडाचे कारण मानून दोष स्वारास देण्याची प्रथा साखळीच्या काळात रूढ होती. बंदिस्त यंत्रणेत ती अपुरी पडते, कारण पोलादाची निवड, उष्णता संस्करण व जुळणी यांवर स्वाराचे नियंत्रण नसते. २०१५ मध्ये बी. एम. डब्ल्यू. कंपनीने अनेक दंडचलित मोटारसायकली परत बोलावून मागील चाक धरणारी ॲल्युमिनियमाची चकती बदलून पोलादी बसविली. बोल्ट प्रमाणाबाहेर आवळल्यास मूळ चकतीस भेगा पडत. चूक कर्मशाळेतील हाताची असली, तरी ती सोसू शकेल असा भाग देणे ही निर्मात्याची जबाबदारी होय, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. भारतात मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या ११० अ या कलमामुळे सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र शासनास मिळाला. झीज जितकी स्वाराच्या दृष्टीआड गेली, तितका तिचा भार निर्मात्याकडे व कायद्याकडे सरकला. मात्र तेलाची नियतकालिक तपासणी आणि मागील चाक हाताने हालवून पाहणे, हे दोन साधे उपाय आजही स्वाराच्याच हाती आहेत.