नागरी वस्तीतील सापांची सुटका

घर, सोसायटीचे आवार, पार्किंग, गोदाम अशा ठिकाणी शिरलेला साप न मारता, त्याला व माणसांना इजा न होऊ देता पकडून योग्य अधिवासात सोडण्याचे काम. ते करणाऱ्यास महाराष्ट्रात सर्पमित्र म्हणतात. साप घराजवळ फिरकूच नये यासाठीचे उपायही याच विषयात मोडतात व महत्त्वाने ते पकडण्याच्या आधी येतात.

कारणे : साप माणसाच्या मागे येत नाही, उंदीर, पाली व बेडूक यांच्या मागे येतो. टेकड्यांचे उतार, ओढ्यांचे काठ आणि गवताळ माळ यांवर वसाहती झाल्याने पुणे, ठाणे, नवी मुंबई, नाशिक येथील नव्या सोसायट्या सापांच्या जुन्या जागेतच उभ्या आहेत. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते, त्यामुळे या दिवसांत साप अधिक दिसतात. घोणस अंडी न घालता पिल्लांना जन्म देते आणि ती एका वेळी 20 ते 40 असू शकतात. ती व्यालेल्या आवारात लागोपाठ अनेक पिल्ले सापडतात.

जाती : नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार प्रमुख विषारी साप. घरांत मात्र बहुतेक वेळा धामण, तस्कर, दिवड, कवड्या असे बिनविषारी साप निघतात. न्हाणीघराच्या जाळीतून वर येणारा वाळा तर गांडूळ समजूनच झाडून टाकला जातो. सर्वाधिक घोटाळा कवड्या व मण्यार यांच्यात होतो. कवड्याचे पांढुरके पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने असतात. ते मानेच्या बरेच मागे सुरू होऊन शेपटीकडे अधिक ठळक होतात. कवड्या पालींच्या शोधात भिंती चढून वरच्या मजल्यांवर पोचतो व निव्वळ या साम्यामुळे मारला जातो. पिल्लांत हे फरक नीट दिसत नाहीत, म्हणून ओळख पटेपर्यंत प्रत्येक साप विषारीच धरावा.

प्रतिबंध : दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवावी. सांडपाण्याच्या नळांना व गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपांना बारीक जाळी लावावी. राडारोडा, विटांचे ढीग, जुने फर्निचर भिंतीला टेकवून ठेवू नये. खिडकीला लागलेल्या फांद्या छाटाव्यात. ओला कचरा उघडा राहिला तर उंदीर येतात आणि मग बाकीचे सर्व उपाय व्यर्थ ठरतात. फिनेल, डांबरगोळ्या, कार्बोलिक आम्ल यांच्या वासाने साप येत नाहीत ही समजूत निराधार आहे. उंदरांसाठी ठेवलेले चिकट फलक वापरूच नयेत. त्यांवर चिकटलेला साप सुटण्याच्या धडपडीत कातडी सोलून घेतो. असा साप सापडल्यास जाणकाराने खाण्याचे तेल थोडेथोडे सोडत, शेपटीकडून डोक्याकडे, सावकाश मोकळा करावा लागतो. कुंपणाच्या नायलॉन जाळीत अडकलेल्या धामणीचीही हीच गत होते. तिथे जाळी ओढायची नसते. खवल्यांखाली रुतलेला एकेक धागा कात्रीने कापायचा असतो.

पकडणे : साप दिसताच मुले व पाळीव प्राणी दूर न्यावेत, त्या खोलीची इतर दारे बंद करावीत आणि एकाने सुरक्षित अंतरावरून सापावर नजर ठेवावी. नजर हटली की साप कपाटामागे जातो आणि अर्ध्या तासाचे काम दिवसभराचे होते. सर्पमित्राची खरी साधने तीन : आकडीची काठी, काळी कापडी पिशवी आणि पिशवीच्या तोंडाला बांधलेला प्लास्टिकचा पाइप. पाइप भिंतीलगत ठेवून आकडीने सापाला फक्त दिशा दाखवायची. बिचकलेला साप अंधारे बीळ शोधतच असतो. तो आपणहून पाइपात शिरतो व पिशवीत उतरतो. त्याला हात लावण्याची गरजच पडत नाही. चिमट्याने दाबल्यास बरगड्या मोडतात. शेपटीला धरून लोंबकळत ठेवल्यास मणक्याला इजा होते. मान पकडून छायाचित्रे काढणे, फणा काढलेल्या नागासमोर हात नाचवणे हे प्रकार सुटकेत मोडत नाहीत. अशा प्रदर्शनात सर्पमित्रांचे जीव गेले आहेत.

सोडणे : याबाबत मतभेद आहेत. वस्तीपासून लांब, घनदाट जंगलात सोडावे हा रूढ प्रघात. रहिवाशांचा आग्रहही तोच असतो. कर्नाटकातील आगुंबे परिसरात नागराजांना रेडिओ प्रेषक बसवून केलेल्या प्राथमिक अभ्यासात, दूर नेऊन सोडलेला नागराज आपल्याच क्षेत्रात राहिलेल्यापेक्षा कितीतरी अधिक भटकतो असे आढळले. अनोळखी जागी सापाला लपण, पाणी, भक्ष्य ठाऊक नसते. शिवाय ते जंगलही कोणाच्या तरी गावाला लागून असते. म्हणून पकडल्या जागेच्या जवळचा ओढा, टेकडी किंवा पडीक रान निवडणे आणि त्याच दिवशी सोडणे अधिक योग्य. किती जवळ, हे जातीवर व परिसरावर अवलंबून राहते.

इतिहास : महाराष्ट्रात हे काम रुजवणाऱ्यांत पुण्याचे नीलिमकुमार खैरे यांचे नाव प्रमुख. त्यांच्याच पुढाकाराने कात्रज सर्पोद्यान 1986 मध्ये सुरू झाले.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 लागू. पकडलेल्या सापाची नोंद वन विभागाकडे करावी लागते. साप घरी बाळगणे किंवा त्याचे खेळ करणे हा गुन्हा. वन विभागाचा मदत क्रमांक 1926.

दंश : जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. अवयव न हलवता रुग्णालय गाठावे. (पहा : सर्पदंश; प्रतिसर्पविष.)