रायझोबियम : रासायनिक संवाद

रायझोबियम हे शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतला नायट्रोजन स्थिर करणारे मृदाजिवाणू. डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८८८ मध्ये ते गाठींतून वेगळे केले. वनस्पती आणि जिवाणू यांच्या रासायनिक संवादात पहिला निरोप वनस्पतीचा असतो. लसूणघास ल्युटिओलिन हे फ्लाव्होनॉइड स्रवते. ते ओळखणारा जिवाणू उत्तरादाखल ‘नॉड घटक’ सोडतो. या रेणूची रचना १९९० मध्ये उलगडली. त्याच्या स्पर्शाने मूलरोमाचे टोक आकडीसारखे वळते आणि जिवाणू त्या वळणात अडकतो. रेणूवरचा सल्फेट गट काढला, तर लसूणघास त्याला दाद देत नाही. इतकी ही भाषा काटेकोर.

जिवाणूंचे आपापसांतले बोलणे वेगळे. प्रत्येक पेशी अॅसिल होमोसेरीन लॅक्टोन किंचित झिरपवते. गर्दी वाढली की त्याची तीव्रता वाढते. ठरावीक पातळीनंतर चिकट बहुशर्करा बनवण्यासारखी कामे जिवाणू एकदम हाती घेतात. ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव सभेच्या गणपूर्तीवरून आले, आणि ते चपखल आहे. मुळात शिरण्याची वाट मात्र सर्व पिकांत एक नसते. भुईमुगात जिवाणू मूलरोमातून नव्हे, उपमुळे फुटतात तिथल्या भेगांतून शिरतात. गाठ नखाने फोडल्यावर आत गुलाबी दिसली, तर स्थिरीकरण चालू आहे असे समजावे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा.