चार्ल्स मॅकगी : लढाऊ वैमानिक ते विमानतळाचे व्यवस्थापक

चार्ल्स एडवर्ड मॅकगी (७ डिसेंबर १९१९ – १६ जानेवारी २०२२) हे अमेरिकेच्या इतिहासात ‘टस्कीगी एअरमेन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय वैमानिकांपैकी एक. दुसरे महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम या तीन युद्धांत मिळून त्यांनी ४०९ लढाऊ उड्डाणे केली. हवाई दलातून निवृत्त झाल्यावर ते मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटीच्या डाउनटाउन विमानतळाचे व्यवस्थापक झाले. त्यांच्या युद्धातील कामगिरीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या नागरी पदाचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीत उरकला जातो. आम्हाला ते पदही तितकेच महत्त्वाचे वाटते.

दार बंद असलेला काळ

१९२५ मध्ये अमेरिकी लष्कराच्या आर्मी वॉर कॉलेजने एक अहवाल तयार केला. कृष्णवर्णीय माणूस बुद्धीने आणि धैर्याने गोऱ्यांपेक्षा कमी असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. लष्कराच्या हवाई विभागात कृष्णवर्णीयांना वैमानिक म्हणून प्रवेश नव्हता. सततच्या मागणीनंतर १९४१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे प्रशिक्षण सुरू झाले, पण तेही वेगळे ठेवून. १९४६ पर्यंत तेथून सुमारे १,००० वैमानिक तयार झाले.

मॅकगी यांचा जन्म ओहायोतील क्लीव्हलँडचा. शालेय शिक्षण शिकागोत पूर्ण करून ते इलिनॉय विद्यापीठात अभियांत्रिकी शिकू लागले. ऑक्टोबर १९४२ मध्ये फ्रान्सिस यांच्याशी लग्न झाले आणि काही दिवसांतच ते लष्करात दाखल झाले. ३० जून १९४३ रोजी त्यांना वैमानिकाचा बिल्ला मिळाला.

तीन युद्धे

१९४४ च्या सुरुवातीला ते ३३२व्या फायटर ग्रुपमधून इटलीत पोहोचले. विमानांच्या शेपट्या लाल रंगवलेल्या असल्यामुळे हा ग्रुप ‘रेड टेल्स’ नावाने गाजला. बॉम्बफेकी विमानांना शत्रूपासून संरक्षण देणे हे त्यांचे मुख्य काम. ऑगस्ट १९४४ मध्ये अशाच एका मोहिमेत मॅकगी यांनी जर्मन फोके-वुल्फ १९० विमान पाडले.

या ग्रुपने एकही बॉम्बफेकी विमान गमावले नाही, असे अनेक वर्षे सांगितले जात होते. नंतरच्या संशोधनात अशी २७ विमाने शत्रूने पाडल्याचे आढळले. इतर ग्रुपांच्या सरासरीपेक्षा ही संख्या बरीच कमी होती. त्यामुळे या वैमानिकांची थोरवी सांगायला दंतकथेची गरज नाही.

१९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यदलांत समान वागणुकीचा आदेश काढला. त्यानंतर मॅकगी कोरियात १०० मोहिमांवर गेले. व्हिएतनाममध्ये ते आरएफ-४ फँटम या टेहळणी विमानांच्या स्क्वाड्रनचे प्रमुख होते.

तळावरून विमानतळाकडे

१९७२ मध्ये त्यांच्याकडे कॅन्सस सिटीजवळच्या रिचर्ड्स-गेबोर हवाई तळाची सूत्रे आली. ३१ जानेवारी १९७३ रोजी ते कर्नल म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर व्यवसाय क्षेत्रात काम करतानाच त्यांनी युद्धामुळे अर्धवट राहिलेले पदवीचे शिक्षण १९७८ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पूर्ण केले. पुढे ते डाउनटाउन विमानतळाचे व्यवस्थापक झाले.

मिसूरी नदीच्या वळणात वसलेला हा विमानतळ १९२७ चा. १९७२ मध्ये शहराबाहेर नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि प्रवासी कंपन्या तिकडे गेल्या. जुन्या विमानतळावर मुख्यतः खासगी, व्यावसायिक आणि लहान विमाने राहिली. अशा ठिकाणी व्यवस्थापकाला धावपट्टीची देखभाल, दिवे, हिवाळ्यातील बर्फ, हँगरची भाडी, सुरक्षा आणि महापालिकेचा हिशेब हे सगळे पाहावे लागते. टाळ्या मिळवून देणारे हे काम नव्हे. पण प्रत्येक उड्डाण त्यावरच अवलंबून असते.

या पदाचे मोल कळायला नागरी विमान वाहतुकीची तेव्हाची स्थिती पाहावी लागेल. युद्धानंतर हवाई दलातील गोऱ्या वैमानिकांना विमान कंपन्यांत नोकऱ्या मिळत होत्या. कृष्णवर्णीयांचे अर्ज बाजूला ठेवले जात. हवाई दलाचे माजी वैमानिक मार्लन ग्रीन यांनी १९५७ मध्ये कॉन्टिनेंटल एअरलाइन्सकडे अर्ज केला आणि नकार मिळाल्यावर कायदेशीर लढा दिला. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे ते दार उघडले. ज्या क्षेत्राने कृष्णवर्णीयांना कॉकपिटमध्येही येऊ दिले नव्हते, त्याच क्षेत्रात एका शहराचा विमानतळ मॅकगी यांच्या हाती आला. युद्धाच्या गरजेपोटी शूर सैनिकाचा गौरव करणे सोपे असते. शांततेच्या काळात त्याच माणसाच्या हाती कारभार सोपवला जातो का, हीच समतेची खरी कसोटी, असे आम्ही मानतो.

उशिरा आलेले सन्मान

२००७ मध्ये टस्कीगी वैमानिकांना एकत्रितपणे काँग्रेसचे सुवर्णपदक मिळाले. २०११ मध्ये मॅकगी यांचा नॅशनल एव्हिएशन हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. २०२० मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांना मानद ब्रिगेडियर जनरल करण्यात आले. वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना निरोप देण्यात आला.

निवृत्तीनंतर ते शाळाशाळांत जाऊन मुलांशी बोलत. आपल्याला काय आवडते ते ओळखा, त्याची तयारी करा, काम करून दाखवा आणि चिकाटी सोडू नका, असे ते सांगत. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पदवी घेऊन त्यांनी स्वतःही तेच केले होते.