बिथरणारा कुत्रा आणि त्याचें भय

संध्याकाळच्या वेळीं शहरांतील एखाद्या शांत रस्त्यानें चालत असतां एक दृश्य वरचेवर दृष्टीस पडतें. कोणी गृहस्थ आपल्या कुत्र्याला फिरावयास घेऊन निघालेले असतात. समोरून दुसरा कुत्रा येतो. आणि घरांत मुलांच्या मांडीवर लोळणारें तें जनावर एकाएकीं साखळीला हिसडे देत भुंकूं लागतें. गृहस्थ ओशाळतात, साखळी खेंचतात, क्वचित् तिच्या टोकानें एक रट्टाहि देतात. बघणारे म्हणतात, कुत्रा माजला आहे! आम्हींहि पुष्कळ वर्षें असेंच म्हणत होतों, आणि आमच्या घरच्या कुत्रीला तसे रट्टे दिल्याची कबुली येथें देणें प्राप्त आहे. असा कुत्रा बहुधा माजलेला नसून भ्यालेला असतो, ही गोष्ट मनुष्याला कोणत्या आडवाटेनें कळली, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

कुत्रे शिकविण्याच्या विद्येला विसाव्या शतकाच्या आरंभीं पोलिस व लष्कर यांच्या गरजेनें वळण लावलें. जर्मनींतील सारब्रुकेन येथील पोलिस अधिकारी कॉनराड मोस्ट यांनीं १९०६ सालीं पोलिसी कुत्रे तयार करण्यास आरंभ केला, व १९१० सालीं त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. मोस्ट हे केवळ दांडगाई करणारे गृहस्थ नव्हते. कुत्र्याला माणसाची नीति-अनीति कळत नाहीं, कृतीचें सुखद वा दुःखद फळ तत्काळ मिळालें तरच तो शिकतो, हें त्यांनीं स्पष्ट ओळखलें होतें. पण त्यांच्या पद्धतींत सक्तीलाहि मोठें स्थान होतें, आणि पुढें अनेकांनीं ती सक्तीच तेवढी उचलली.

तिला शास्त्राचा आधार मिळाला तो लांडग्यांकडून. बाझेल येथील प्राणिसंग्रहालयांतील लांडग्यांचें निरीक्षण करून रुडॉल्फ शेंकेल यांनीं १९४७ सालीं आपला निबंध छापला. त्यांतील श्रेष्ठत्वाच्या झगड्यांवरून लोकांनीं सिद्धान्त काढला कीं, कुत्रा म्हणजे लांडगा, आणि धन्यानें कळपाचा नायक होऊन त्याला दाबांत ठेविलें पाहिजे. परक्या माणसांना एका कोठडींत डांबून त्यांच्या भांडणांवरून कुटुंबाचे नियम बसवावे, तसाच हा प्रकार! अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या ग्रंथानें ही नायकाची कल्पना सर्वतोमुखी झाली. पुढें त्यांनींच रानांतील लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले, आणि कळप म्हणजे आई-बाप व त्यांचीं पिलें यांचा संसार होय, असें १९९९ सालीं लिहिलें. आपली चूक आपणच दुरुस्त करणारे विद्वान विरळा.

खरी वाट निराळ्याच बाजूनें उघडत होती. रशियांतील पावलोव यांच्या प्रयोगशाळेंत अन्न पुढें येण्यापूर्वींच, अन्नाची नुसती चाहूल लागतांच कुत्र्यांच्या तोंडाला लाळ सुटे. यावरून त्यांनीं सिद्ध केलें कीं, एका गोष्टीमागून दुसरी नेमानें येऊं लागली म्हणजे पहिलीनेंच देह दुसरीची तयारी करूं लागतो. १९२० सालीं अमेरिकेंत जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांनीं ह्याच नियमानें एका अकरा महिन्यांच्या मुलाच्या मनांत पांढऱ्या उंदराचें भय उत्पन्न केलें. मूल उंदराला हात लावी, तोंच त्याच्या पाठीमागें लोखंडी दांडीवर हातोडा आदळे. हा प्रयोग वाचतांना आजहि अंगावर शहारे येतात.

भय उत्पन्न करतां येतें, तर तें घालवितांहि येईल काय? हा प्रश्न मेरी कव्हर जोन्स या तरुण बाईंनीं हातीं घेतला. पीटर नांवाचा सुमारें तीन वर्षांचा मुलगा सशाला अतिशय भीत असे. निर्भय मुलांच्या संगतीनें त्याचें भय कमी होत आलें होतें; पण मध्यंतरीं तो आजारी पडला, आणि इस्पितळांतून परत निघतांना एक मोठा कुत्रा त्याच्यावर झेंपावला. केलेलें सर्व पाण्यांत गेलें. तेव्हां बाईंनीं त्याला आवडीचें खाणें द्यावयाचें, आणि तो खात असतां पिंजऱ्यांतला ससा खाण्यांत व्यत्यय येणार नाहीं इतक्याच अंतरावर ठेवावयाचा, असा क्रम आरंभिला. अंतर हळूहळू कमी होत गेलें, आणि शेवटीं मूल सशाला गोंजारूं लागलें. १९२४ सालीं छापलेल्या निबंधांत बाईंनीं एक इशाराहि दिला आहे: हलगर्जीपणा झाल्यास सशाची गोडी लागण्याऐवजीं खाण्याचेंच भय बसेल.

ह्या निबंधाकडे दीर्घकाळ फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांवर उपचार केलेले दक्षिण आफ्रिकेंतील डॉक्टर जोसेफ वोल्पे यांनीं पुढें भ्यालेल्या मांजरांना भयाच्या खोलीपासून दूर खाऊं घालीत टप्प्याटप्प्यानें जवळ आणलें, व त्यावरून माणसांसाठीं उपचार बसवून १९५८ सालीं ग्रंथ लिहिला. १९७४ सालीं अमेरिकेंतील ट्युबर, हॉदरसाल व व्हॉइथ या त्रयीनें पाळीव जनावरांवरहि हेच उपचार करावे, अशी सूचना मांडली. कुत्र्यांपासून निघालेलें ज्ञान मूल, मांजर व माणूस यांच्या दारावरून फिरून असें कुत्र्याच्या दाराशीं परत आलें!

रस्त्यावर त्याचा अर्थ काय? मोकळा कुत्रा भ्याला तर वळसा घालून निघून जातो. साखळीनें बांधलेल्याला ती वाट बंद असते, म्हणून तो भुंकून समोरच्याला घालवूं पाहतो. समोरचा आपल्या वाटेनें निघून जातोच, आणि याला वाटतें, आपण घालविला. वर साखळीचा हिसका बसला म्हणजे दुसरा कुत्रा दिसला कीं मान दुखते, एवढेंच तो शिकतो. म्हणून साखळी सैल ठेवावी, दुसरा कुत्रा दिसेल पण हा बिथरणार नाहीं इतक्या लांब उभें राहावें, आणि तो दिसल्यावर लगेच मांसाचा तुकडा द्यावा. कुत्रा आधीं, तुकडा मागून. हा क्रम उलटला तर तुकडाच संकटाची सूचना होऊन बसतो. बिथरलाच, तर शिक्षा न करतां अंतर वाढवावें.

आमच्या कुत्रीच्या बाबतींत हें अंतर आरंभीं सबंध मैदानाच्या लांबीचें होतें. कित्येक महिन्यांनीं तें रस्त्याच्या रुंदीवर आलें. आतां ती म्हातारी झाली आहे. दुसरा कुत्रा दिसला म्हणजे त्याच्याकडे एकवार पाहून ती आमच्या खिशाकडे पाहते. कोपऱ्यावरच्या तांबड्या कुत्र्याचें मात्र तिला अद्यापि वावडें आहे. तो आला म्हणजे आम्ही दोघें रस्ता ओलांडून पलीकडे जातों.