जाहिरातीचा मजकूर आणि लोखंडी नांगर

‘जाहिरात’ हा शब्द ‘जाहीर’ या शब्दाशीं निगडित आहे. सर्वांस उघडपणें कळविणें, एवढाच त्याचा मूळ अर्थ. छापखाना येण्यापूर्वीं हें काम दवंडी करीत असे. पाथरीसारख्या गांवीं दवंडी पिटली म्हणजे काय, कोठें आणि केव्हां हें थोडक्या शब्दांत लोकांस कळे. पाल्हाळास तेथें वाव नसे, कारण ऐकणारा आपल्या वाटेनें चालूं लागे.

६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत ‘दर्पण’ निघालें आणि मराठी वृत्तपत्रांचें युग सुरू झालें. वृत्तपत्रांबरोबर छापील जाहिरातहि रूढ झाली. परंतु ओळखीच्या मालाचा भाव कळविणें निराळें, आणि ज्या वस्तूची गिऱ्हाइकास भीति वाटते ती त्यानें घ्यावी म्हणून लिहिणें निराळें. या दुसऱ्या कामाची खरी कसोटी लोखंडी नांगरानें पाहिली.

बेळगांवास सायकलींचें दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें करूं लागले, आणि १९०३ च्या सुमारास त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला. लांकडी नांगर जमीन फोडतो, पण ती उलथीत नाहीं. लोखंडी नांगर ढेकूळ पालथें घालतो आणि हरळीकुंद्याच्या मुळ्या उन्हांत उघड्या पाडतो. पाथरीकडील काळ्या जमिनींत हा गुण केवढा मोलाचा, हें कापूसज्वारी पिकविणाऱ्यास सांगावयास नको. तरीहि नांगर खपेना. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं.

या समजुतीस हसणें सोपें आहे. पण जमीन हेंच ज्याचें सर्वस्व, त्याचा एक हंगाम फसला तर सावकाराचें देणें वाढे आणि प्रसंगीं शेतहि जाई. नवी वस्तु घेण्यांत कारखानदाराचा माल पणास लागे, तर शेतकऱ्याचें घर पणास लागे. अशा माणसास ‘उत्कृष्ट’, ‘अद्वितीय’ हीं विशेषणें ऐकवून काय उपयोग? त्याचा प्रश्न एकच असतो: माझ्या जमिनीचें काय होईल? ज्या मजकुरांत या प्रश्नाचें उत्तर नाहीं, तो कितीहि अलंकारिक असला तरी वायां जातो.

१९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. १९२० सालीं शंकरराव किर्लोस्कर यांनीं तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हें नियतकालिक सुरू केलें. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोंचविणें हा त्याचा आरंभींचा हेतु. शंकरराव चित्रकलेचें शिक्षण घेतलेले होते, आणि नजर कशावर ठरते याची त्यांस जाण होती. गिऱ्हाइकास केवळ गिऱ्हाईक न मानतां वाचक मानावें, ही या उपक्रमाची खरी नवलाई. हळूहळू त्यांत लेख व कथा वाढल्या, नांवांतील ‘खबर’ हा शब्द गळला, आणि ‘किर्लोस्कर’ हें महाराष्ट्रांतील एक प्रमुख मासिक झालें. १९३० सालीं ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं भावंडें त्यास मिळालीं.

पाथरी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखालीं होती. कारभाराची भाषा उर्दू, घरची व शिवारांतील भाषा मराठी. खेड्यांत वाचणारा एखादा असे, ऐकणारे पुष्कळ असत. म्हणून तेथें पोंचणारें वाक्य मोठ्यानें वाचलें तरी एका दमांत समजावें लागे. तास, फाळ, ढेकूळ हे शब्द त्या कामास पुरेसे होते. संस्कृतप्रचुर शब्द तेथें अडखळण्यासच कारण होत.

चांगला मजकूर गिऱ्हाइकास एकदां दुकानापर्यंत आणतो. दुसऱ्या वर्षीं त्याच्या शेजाऱ्यास तेथें आणण्याचें काम मात्र नांगरानें पाडलेल्या तासासच करावें लागतें. म्हणून वस्तूच्या अंगीं नसलेला गुण कागदावर लिहिणारा लेखक आपल्याच पुढच्या जाहिरातीवरचा विश्वास आधीं खर्चून टाकतो.