एन्फिल्ड १८५३ : पलटणीची बंदूक शेतराखणीला कशी आली?

१८५७ च्या उठावाची ठिणगी ज्या काडतुसावरून पडली, ते याच बंदुकीचं. इंग्लंडमधल्या एन्फिल्ड इथल्या सरकारी कारखान्यावरून तिला हे नाव पडलं. लष्करातून बाद झाल्यावर यातल्या बऱ्याच बंदुका कापून-घासून शिकारीला आणि शेतावर वापरल्या गेल्या.

मूळ बंदूक

ही ठासणीची बंदूक. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालायची, गजाने ठासायची आणि मागे टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो आणि बार उडतो. नळी सुमारे ९९ सेंमी, पूर्ण लांबी सुमारे १४० सेंमी, वजन चार किलोच्या वर. नळीचं भोक ०.५७७ इंच. आत तीन पिळदार खाचा, त्यामुळे गोळी फिरत जायची आणि नेम लांबवर लागायचा.

काडतूस कागदी होतं आणि ते दाताने फाडावं लागे. त्याला गाय-डुकराची चरबी लावल्याची बातमी पलटणीत पसरली, पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

पहिला बदल लष्करातच

उठावानंतर इंग्रजांनी देशी शिपायांच्या बंदुकांतल्या खाचाच काढल्या. भोक ०.६५६ इंच केलं. नेम कमी झाला, पण नळीही पातळ झाली. ती फुगेल, वाकेल अशी भीती वाटू लागली, म्हणून पुढे जाड नळीच्या बंदुका बनवाव्या लागल्या.

मग शेतकऱ्याच्या हाती

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) दोन्ही बाजूंनी लाखो एन्फिल्ड विकत घेतल्या. युद्ध संपल्यावर उरलेला माल स्वस्तात विकला गेला. त्यात असे बदल झाले :

• नळी कापून आखूड केली
• छर्रे मारता यावेत म्हणून खाचा घासून आतून गुळगुळीत केली
• नळीखालचं पुढचं लाकूड कापून वजन कमी केलं
• लांब पल्ल्याच्या नेमाची पट्टी काढून टाकली

ओळखायची कशी?

घोड्याशेजारच्या पोलादी पट्टीवर मुकुटाची खूण, ‘टॉवर’ किंवा ‘एन्फिल्ड’ हा शब्द आणि साल असतं. मूळ बंदुकीला नळी धरणारी तीन कडी होती. कापलेल्या बंदुकीत कडी कमी दिसतात. मात्र नुसत्या छापावरून खात्री धरू नये, नकली बंदुकांवरही असे छाप मारलेले असतात.

घरात सापडली तर?

आपल्याकडे जुन्या वाड्यात, माळ्यावर अशी ठासणीची बंदूक निघाली, तर आधी ती भरलेली आहे असंच समजावं. ठासलेली दारू बाहेरून दिसत नाही आणि कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनीही पेटते. चाप ओढून बघू नये, नळी विस्तवाजवळ नेऊ नये. घासलेली, गंजलेली नळी बार उडवताना फुटू शकते, हात आणि डोळे जातात.

दुसरी गोष्ट कायद्याची. ‘जुनी आहे, परवाना कशाला?’ हा समज चुकीचा आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ नुसार सूट आहे ती जुन्या घडणीच्या, पण दुरुस्ती करूनही चालणार नाही अशाच हत्याराला. दुरुस्तीने चालणार असेल तर परवाना लागतोच. नळी कापून आखूड करायलाही कलम ६ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. म्हणजे गावातल्या लोहाराकडून नळी कापून घेणं हा गुन्हाच.

पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. पण तो मिळाला म्हणजे रानडुक्कर मारायची मोकळीक मिळाली असं नाही, वन्यजीव कायदा वेगळा लागू होतो.

त्यामुळे बंदूक सापडली तर ती हातात घेऊन ठाण्यात जाऊ नये. आहे तिथेच ठेवावी, पोरांना दूर करावं आणि पोलीस ठाण्यात किंवा पोलीस पाटलांना कळवावं.