तंट्या भिल्लाचे प्रत्यार्पण

परमुलखात सापडलेला बंडखोर त्याच्या शत्रूच्या हवाली करावा की करू नये, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात युरोपने मोठ्या गांभीर्याने चर्चिला. 1870 साली ब्रिटिश पार्लमेंटने प्रत्यार्पणाचा कायदा केला. राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी कोणालाही परक्या सरकारच्या स्वाधीन करता येणार नाही, असे कलम त्यात आवर्जून घातले. देशोदेशीच्या क्रांतिकारकांना लंडन हे आश्रयस्थान वाटे. या कायद्यानंतर एकोणीस वर्षांनी, 1889 साली, होळकरांच्या मुलखात पकडलेला तंट्या भिल्ल त्याच ब्रिटिशांच्या हवाली झाला. त्याच्यासाठी हा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही. तो का केला गेला नाही, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी सीमा पाहू. डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि 6 जानेवारी 1818 रोजी मंदसौरचा तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला सर्व मुलूख, खानदेशातील परगणे आणि सेंधव्याचा किल्ला होळकरांनी इंग्रजांना दिला. ज्या डोंगरात भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या राहत होता, तोच डोंगर दोन राज्यांची हद्द झाला. पुढे खानदेश मुंबई इलाख्यात, पूर्व निमाड मध्य प्रांतात आणि पश्चिम निमाड होळकरांकडे, अशी एकाच डोंगराची तीन सरकारांत वाटणी झाली. चोपडा, यावल, रावेरच्या उत्तरेच्या पाड्यांवरचा बाजार अलीकडे आणि सोयरीक पलीकडे. ही रेघ आखताना त्या पाड्यांना कोणी विचारले नव्हते. पण ती ओलांडली की भिल्ल 'फरारी' ठरू लागला.

इंग्रजांनी या डोंगरावर दोन उपाय योजले. 1825 साली औट्रमच्या हाताखाली धरणगावला भिल्ल पलटण उभी करून भिल्लाच्या बंदोबस्ताला भिल्लच नेमला. आणि जो हाती लागेना, त्याच्यासाठी फितुरी. आग्रा रस्त्यावरचा सेंधव्याचा घाट राखणारा खाज्या नाईक सरकारचाच नोकर होता. 1857 साली तो उलटला. 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीला लढाई झाली. हाती लागलेल्या कित्येक भिल्लांना रणांगणावरच्या लष्करी चौकशीनंतर गोळ्या घातल्या गेल्या, बायकांना कैद झाली. 1860 साली खाज्या विश्वासघाताने मारला गेला. बडवानीकडचा त्याचा साथी भीमा नाईक 1867 साली पकडला गेला. त्याला अंदमानला पाठवले आणि तेथेच 1876 साली त्याचा अंत झाला. 'अठराशे सत्तावन' म्हणून जे शाळेत शिकवले जाते, त्यात मेरठ, झाशी, कानपूर असते. अंबापाणी आमच्या जिल्ह्यांच्या उशाशी असून आमच्या मुलांना ठाऊक नसते.

तंट्या हा पूर्व निमाडातला. त्याच्या बंडाच्या मुळाशी जमिनीचा तंटा आहे: थकलेला सारा, गावच्या पाटलाशी वैर, हातची गेलेली शेती. 1874 साली उपजीविकेचे प्रामाणिक साधन नाही, या आरोपावरून त्याला तुरुंगात घातले. जमीन ज्यांनी काढून घेतली तेच त्याला उपजीविका विचारत होते! 1878 साली तो पुन्हा पकडला गेला आणि खंडव्याच्या तुरुंगातून पळाला. पुढची अकरा वर्षे निमाड, होळकरी मुलूख आणि खानदेशची हद्द हा त्याचा संचार. सावकार व मालगुजार लुटावेत, लूट गरिबांत वाटावी, आणि एका सरकारचे पोलीस मागे लागले की दुसऱ्याच्या हद्दीत शिरावे. सरकारने आखलेली रेघ त्याने सरकारविरुद्ध वापरली.

शेवटी त्यालाही फितुरीनेच धरले. गणपत नावाच्या माणसाने राखीच्या निमित्ताने घरी बोलावून दगा दिला, असे लोक सांगतात. होळकरांच्या फौजेतील अधिकारी ईश्वरीप्रसाद यांच्या ताब्यात तो आला. तेथून इंदूरला इंग्रजांच्या एजन्सीचा तुरुंग आणि मग कडक पहाऱ्यात जबलपूर. 19 ऑक्टोबर 1889 रोजी फाशीची शिक्षा झाली आणि 4 डिसेंबरला ती अमलात आली.

होळकरांना नकार देता आला असता काय? कायद्याच्या भाषेत उत्तर सरळ आहे. 1870 च्या कायद्यातले ते उदार कलम परक्या सार्वभौम राष्ट्रांपुरते होते. संस्थाने सार्वभौम नव्हती. 1879 साली हिंदुस्थान सरकारने संस्थानांबाबत प्रत्यार्पणाचा वेगळा कायदा केला होता, आणि इंदुरात गव्हर्नर जनरलचा एजंट बसलेला होता. संस्थानिकाचे सिंहासन आणि सावकाराची वही, दोन्ही एकाच बंदुकीच्या आधाराने उभी होती. आपला बंडखोर इंग्रजांच्या हाती जाऊ नये, असे होळकर दरबाराला वाटण्याचे कारणच नव्हते.

पण कायद्यापेक्षाही एका शब्दाने जास्त काम केले. तो शब्द म्हणजे 'डाकू'. याच काळात, 1879 साली, वासुदेव बळवंत फडके कलादगी जिल्ह्यात पकडले गेले. त्यांच्या बंडाचा खर्च दरोड्यांतून चालत होता आणि दरोडे घालणारे हात मुख्यतः रामोशांचे होते. फडक्यांवर सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप ठेवला गेला. ते एडनला गेले आणि आद्य क्रांतिकारक ठरले. त्यांचा साथी दौलतराव नाईक मारला गेला, तो मात्र तळटीपेत राहिला. 1910 साली मार्सेलिसच्या किनाऱ्यावर सावरकरांना फ्रेंच भूमीवरून परत नेले गेले, तेव्हा प्रकरण हेगच्या लवादापर्यंत पोचले. 24 फेब्रुवारी 1911 चा निकाल विरुद्ध गेला खरा. पण दोन राष्ट्रांना एका कैद्यासाठी उत्तरे द्यावी लागली. फडके किंवा सावरकर यांच्या वाट्याचे काही काढून घ्यावे, असे मी म्हणत नाही. कृत्य दरोड्याचेच असताना एकाचे राजकारण होते आणि दुसऱ्याचा गुन्हा होतो, तो निवाडा न्यायाधीशाच्या आधी जात आणि लेखणी करते, एवढेच मला दाखवायचे आहे. तंट्याच्या हाती लेखणी नव्हती. त्याने आत्मचरित्र लिहिले नाही, जाहीरनामा काढला नाही. त्याचे जे कागद उरले ते पोलिसांचे व कोर्टाचे, म्हणजे त्याच्या शत्रूंचे.

खुद्द त्याचा गौरवही परक्या मापाने झाला. 10 नोव्हेंबर 1889 च्या 'न्यू यॉर्क टाइम्स'ने त्याला 'हिंदुस्थानचा रॉबिन हूड' म्हटले, आणि आपले लेखक ते बिरुद आजही अभिमानाने मिरवतात. दुसरीकडे पातालपाणी स्थानकाजवळ, जेथे त्याचे प्रेत टाकले असे मानतात, तेथे तो देव झाला आहे. लोकांनी त्याला 'मामा' म्हटले, हे नाव मला या सर्वांत खरे वाटते. मामा म्हणजे आईच्या बाजूने उभा राहणारा माणूस. पण देवाला नवस बोलता येतो, त्याच्याकडून जमिनीचा हिशेब मागता येत नाही. 1972 साली शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा अंबरसिंग महाराजांसोबतच्या भिल्लांनी मागितला तो हिशेबच होता: गेलेली जमीन आणि कामाची मजुरी.

माझ्या वर्गात यावल-रावेरकडचे तडवी आणि शिरपूरकडचे पावरा विद्यार्थी बसतात. त्यांच्या घरात शिकणारी ती पहिली पिढी, जसा मी माझ्या घरात होतो. 1962 च्या भारतीय प्रत्यार्पण कायद्यातही राजकीय गुन्ह्याचा अपवाद आहे, हे मी त्यांना शिकवतो. राजकीय कोणाला म्हणायचे हे कोण ठरवतो, हा प्रश्न पुस्तकात नसतो. तो आपल्यालाच विचारावा लागतो. तंट्याला होळकरांनी एकदा इंग्रजांच्या हवाली केले. आपल्या इतिहासकारांनी 'डाकू' हा इंग्रजांचा शब्द जसाच्या तसा उचलला, तेव्हा त्याचे दुसरे प्रत्यार्पण झाले. पहिले आता फिरवता येणार नाही. दुसरे फिरवणे मात्र खानदेशातल्या प्रत्येक शिक्षकाच्या हाती आहे. त्यासाठी पाड्यापाड्यावरची गाणी, वंशावळी आणि जमिनीचे जुने उतारे गोळा करायला हवेत. ते सांगणारी म्हातारी माणसे थोडी उरली आहेत.